कच्च्या तेलाचा वर्णपट: बाटली उघडण्यापासून अहवालापर्यंत

प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन बाटल्या ठेवा. एकीत मुंबई हायचे तेल, दुसरीत सौदी अरेबियाचे अरब हेवी. एसी चालू असेल तर थोड्या वेळात मुंबई हायचे तेल थंडीतल्या तुपासारखे बसते. बाटली आडवी केली तरी हलत नाही. अरब हेवी मात्र काळेकुट्ट, पण वाहते. नवखा माणूस म्हणतो, गोठले ते जड. प्रत्यक्षात उलट आहे. मुंबई हायचे तेल हलके, एपीआय ग्रॅव्हिटी ३९ च्या आसपास, गंधक ०.२ टक्क्याच्या आगेमागे. ते गोठते ते त्यातल्या मेणामुळे. अरब हेवीची एपीआय ग्रॅव्हिटी २७-२८ आणि गंधक पावणेतीन टक्क्यांच्या घरात. (एपीआयचा आकडा जितका मोठा तितके तेल हलके; उलटा मापदंड आहे, सवय करून घ्यावी लागते.)

डोळा फसतो ते असे. वर्णपट (पदार्थ कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो किंवा सोडतो याचा आलेख) घेतला की हाच फरक पाच मिनिटांत कागदावर उतरतो, मात्र नमुना नीट हाताळला तरच. हा लेख एमएस्सी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि रिफायनरीच्या प्रयोगशाळेत नुकत्याच रुजू झालेल्यांसाठी आहे. माहूलच्या दोन रिफायनऱ्या १९५४-५५ पासून चालू आहेत, आणि देशाला लागणारे ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आता बाहेरून येते. टेबलावर आज कुठले तेल येईल याचा नेम नाही, त्यामुळे कुठल्याही तेलाला लागू पडेल अशी पद्धत हाताशी हवी.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. कच्चे तेल हे संयुग नव्हे. कार्बन ८३ ते ८७ टक्के, हायड्रोजन १० ते १४, बाकी गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि चिमूटभर धातू. पण या मोजक्या मूलद्रव्यांपासून बनलेली संयुगे हजारोंनी असतात. अमेरिकेत टॅलाहासी येथील उच्च चुंबकीय क्षेत्राच्या प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर एकाच तेलात हजारो वेगवेगळी रेणुसूत्रे वेगळी करून दाखवलेली आहेत. त्यामुळे कॉलेजात अॅस्पिरिनचा वर्णपट पाहून संयुग ओळखतो तसे इथे करायला जाऊ नका. इथे आपण गट मोजतो, गुणोत्तरे काढतो आणि एका तेलाची दुसऱ्याशी तुलना करतो.

पहिली पायरी: नमुना

चुका मोजायला बसलो तर निम्म्याहून अधिक इथेच सापडतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून इथे वेळ घालवा.

बाटली उघडायची ती धुराड्याच्या कपाटातच (फ्यूम हूडमध्ये). गंधकयुक्त तेलातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणून कळेल, या भरवशावर राहू नका. शंभर पीपीएमच्या (दशलक्ष भागांत शंभर) आसपास नाकाची ती शक्तीच जाते आणि धोका तिथूनच वाढतो.

मेणचट तेल असेल तर बाटली न उघडता, बूच घट्ट लावून, पाण्याच्या बाथमध्ये ६० अंश सेल्सिअसला अर्धा-पाऊण तास ठेवा. हॉटप्लेट नको. बाटलीत वरची थोडी जागा रिकामी आहे ना ते आधी पाहा. मग बाहेर काढून मिनिटभर हलवा, उलटी करून तळाला आणि भिंतीला पांढरट थर उरला आहे का पाहा. उरला असेल तर पुन्हा बाथमध्ये. हा थर म्हणजे लांब साखळीचे मेण. तो तसाच ठेवून वरचे पातळ तेल घेतले तर पुढचा प्रत्येक आकडा दुसऱ्याच तेलाचा असेल. उलट टोकाची चूक म्हणजे बाटली उघडी ठेवून गरम करणे. त्यात पेंटेन-हेक्झेनसारखे हलके अंश उडतात आणि तेल कागदावर जड होते.

यानंतर पाणी. तेलविहिरीतून पाणी आणि मीठ बरोबर येतेच. गरम असतानाच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पाणी आणि गाळ तळाला बसवा. तेल-पाण्याचे मिश्रण (इमल्शन) फुटत नसेल तर ते फोडणाऱ्या रसायनाचे, म्हणजे डिमल्सिफायरचे थेंब टाकायचा मोह होतो. टाकलेत तर वहीत नोंद करा, कारण त्यातल्या पॉलिईथरचा पट्टा अवरक्त वर्णपटात ११०० च्या आसपास येतो आणि नंतर 'हे ऑक्सिजनवाले संयुग कुठून आले' म्हणून दोन दिवस जातात.

शेवटी तयार नमुन्याचे चार-पाच छोट्या गडद काचेच्या बाटल्यांत भाग करा, काठोकाठ भरा, फ्रिजमध्ये ठेवा. प्रत्येक यंत्रासाठी वेगळी बाटली. तीच बाटली दहा वेळा उघडायची नाही.

दुसरी पायरी: गंधक

पहिले मोजमाप क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे एक्सआरएफने करावे. झटपट होते, नमुना खराब होत नाही आणि गंधकाचा आकडा कळला की पुढच्या पायऱ्यांत काय शोधायचे ते ठरते. पद्धत प्रमाणित आहे, एएसटीएम डी ४२९४. पातळ फिल्मच्या तळाच्या कपात तेल ओतायचे, खालून क्ष-किरण पडतात, गंधक २.३१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा स्वतःचा किरण परत देतो, तो मोजायचा.

'खालून' हा शब्द महत्त्वाचा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते फिल्मवर येऊन बसते आणि यंत्राला तेलाऐवजी पाणी दिसू लागते. मी नवीन असताना एका प्रयोगशाळेत एकाच कपाची तीन वाचने घेतली आणि तिन्ही उतरत गेली. मी यंत्र बिघडले असे समजून दिवसभर कॅलिब्रेशन करत बसलो. कप उलटून पाहिल्यावर फिल्मला पाण्याचे थेंब चिकटलेले दिसले. तेव्हापासून माझा नियम: एक वाचन लगेच, दुसरे पाच मिनिटांनी. आकडा सरकला तर पहिल्या पायरीवर परत जा. मीठ जास्त असेल तर क्लोरीनचा किरण २.६२ ला शेजारीच येतो, तोही तपासा. आणि कॅलिब्रेशनसाठी वापरलेले तेल कार्बन-हायड्रोजनच्या प्रमाणात आपल्या नमुन्याच्या जवळचे हवे.

तिसरी पायरी: अवरक्त वर्णपट

एकच यंत्र निवडायला सांगितले तर मी एफटीआयआर, म्हणजे अवरक्त वर्णपट घेणारे यंत्र, निवडेन. हिऱ्याच्या स्फटिकाचे एटीआर (स्फटिकावर ठेवलेला नमुना थेट मोजणारे उपकरण) जोडलेले असले की एका थेंबात काम होते. खालचे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे प्रति सेंटिमीटर आहेत; दर वेळी एकक लिहीत नाही.

स्फटिक टोल्युइनने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रिकाम्या स्फटिकाची पार्श्वभूमी घ्या आणि लगेच पुन्हा रिकाम्याचाच वर्णपट घ्या. २९२० ला बारीकसा उंचवटा दिसला तर मागच्या माणसाचे तेल अजून तिथे आहे. पुन्हा पुसा. रेषा सपाट आली की कोमट तेलाचा थेंब ठेवा, स्फटिक पूर्ण झाकला जाईल इतका. वर लहान काचेचे झाकण ठेवा, नाहीतर हलके अंश डोळ्यांदेखत उडतात. रिझोल्यूशन ४, स्कॅन ३२, मर्यादा ४००० ते ६५०. सुरुवातीला, पाच मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी असे तीन वर्णपट घ्या. ते एकमेकांवर बसले तर ठीक. नसतील तर पहिलाच धरा.

एटीआरमध्ये किरण तेलात फार खोल जात नाही. हिरा आणि ४५ अंशांचा कोन धरला तर १००० ला साधारण २ मायक्रोमीटर आणि ३००० ला जेमतेम ०.७. त्यामुळे उजवीकडची शिखरे डावीकडच्या मानाने फुगलेली दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये याची दुरुस्ती असते. ती केली की नाही हे अहवालात लिहा. दुरुस्त आणि बिनदुरुस्त वर्णपटांची तुलना कधी करू नये.

आता वाचन. २९५३, २९२२, २८५३ ही उंच शिखरे कुठल्याही तेलात असतात. मिथाइल (CH₃) आणि मिथिलीन (CH₂) गट आहेत एवढेच ती सांगतात. खरी माहिती त्यांच्या उजवीकडे आहे. १४६० ला मिथिलीन आणि मिथाइल दोन्ही मिसळलेले, १३७७ ला फक्त मिथाइल. १३७७ ला १४६० अधिक १३७७ ने भागले की साखळ्यांना फांद्या किती याचा अंदाज येतो. ७२० चे शिखर म्हणजे चार किंवा अधिक मिथिलीन एका ओळीत, म्हणजेच लांब सरळ साखळी, म्हणजेच मेण. मुंबई हायच्या तेलात ते ठसठशीत दिसते. थेंब स्फटिकावर थंड झाला की त्याची ७२० आणि ७३० अशी दोन टोके होतात. मेणाचे स्फटिक धरल्याची ती खूण. स्फटिक गरम करण्याची सोय असेल तर ६० अंशांवर पुन्हा वर्णपट घ्या, दोन्ही टोके मिटून एक होतात. हा प्रयोग विद्यार्थ्यांना मुद्दाम करून दाखवावा. 'मेण' हा शब्द त्यांच्यासाठी त्या दिवशी खरा होतो.

१६०० चे शिखर अॅरोमॅटिक वलयांचे (बेंझिनसारख्या कड्यांचे). ८७०, ८१० आणि ७५० ची छोटी शिखरे त्याच वलयांवर हायड्रोजन शेजारी-शेजारी किती आहेत ते दाखवतात. अरब हेवीत हा सगळा भाग भरलेला, मुंबई हायमध्ये विरळ. मात्र पाण्याचा पट्टा १६४० ला येतो आणि १६०० वर चढतो. ३४०० ला रुंद फुगवटा दिसत असेल तर १६०० चा आकडा लिहूच नका. आधी पाणी काढा.

१७०५ च्या आसपास शिखर असेल तर कार्बॉक्सिलिक आम्ले, बहुधा नॅफ्थेनिक. ही आम्ले रिफायनरीच्या नळ्या खातात, म्हणून हे शिखर दिसले की आम्लांक (तेलातल्या आम्लाचे प्रमाण) मोजायला सांगावे. १०३० चे शिखर सल्फॉक्साइडचे, म्हणजे हवा लागलेल्या गंधक संयुगांचे. पण इथे मोठा सापळा आहे. चिकणमातीचा सिलिकेट पट्टा नेमका तिथेच येतो. ओळखायचे असे: ३६२० आणि ३६९५ ला बारीक टोकदार शिखरे दिसली तर ती मातीची. ७८० आणि ८०० ला जोडी दिसली तर वाळू. एक्सआरएफवर गंधक ०.२ टक्के आणि इथे १०३० ला डोंगर, अशी विसंगती आली तर नमुन्यात गाळ आहे हे समजा. दुसऱ्या पायरीचा आकडा हाताशी हवा तो यासाठीच.

गुणोत्तरांसाठी शिखराची उंची नव्हे, क्षेत्रफळ घ्या. पायारेषेची दोन टोके एकदा ठरवली की सगळ्या नमुन्यांना तीच. अॅरोमॅटिक निर्देशांक म्हणजे १६०० चे क्षेत्रफळ भागिले निवडलेल्या सर्व शिखरांची बेरीज. साखळीचा निर्देशांक म्हणजे ७२० चे भागिले १४६० आणि १३७७ ची बेरीज. सल्फॉक्साइड (१०३०) आणि कार्बोनिलचेही (१७०५) तसेच. प्रत्येक नमुना तीनदा पुसून, तीनदा ठेवून मोजा. दोन तेलांतला फरक एकाच तेलाच्या तीन वाचनांतल्या फरकापेक्षा मोठा असेल तरच तो फरक म्हणायचा.

चौथी पायरी: रंग आणि चमक

अतिनील-दृश्य वर्णपटात कच्चे तेल निराशाच करते. तरंगलांबी वाढेल तसे शोषण सरळ उतरत जाते, शिखर दिसत नाही. पण टोल्युइनमध्ये विरळ करून ३८० ते ६५० नॅनोमीटरचा भाग नीट पाहा. व्हॅनेडियम भरपूर असलेल्या तेलात ४१० च्या जवळ एक शिखर आणि ५३४ व ५७२ च्या आसपास दोन छोटे उंचवटे दिसतात. निकेल असेल तर ३९३ आणि ५५२ च्या जवळ. ही पॉर्फिरिने आहेत, मध्यभागी धातू धरणारी वलयाकार संयुगे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३४ साली ती खनिज तेलात दाखवली आणि त्यांचे नाते हरितद्रव्याशी जोडले. तेल सजीवांपासून झाले याचा तो रासायनिक पुरावा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शेवाळाचा हिरवा रेणू, मधला मॅग्नेशियम जाऊन तिथे व्हॅनेडियम बसलेला, आपल्या क्युवेटमध्ये अजून प्रकाश शोषतो. मला हे दर वेळी नवे वाटते.

मुंबई हायमध्ये ही शिखरे जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून मोजमाप चुकले असे समजू नका. त्या तेलात धातूच थोडे आहेत.

प्रतिदीप्तीसाठी सायक्लोहेक्झेनमध्ये लिटरला दहा मिलिग्रॅमच्या खाली तेल घ्या. दाट द्रावणात रेणू एकमेकांचा प्रकाश गिळतात आणि वर्णपट लाल बाजूला सरकतो. खात्री करायची सोपी रीत: द्रावण निम्मे विरळ करा, चमकही निम्मी झाली तर ठीक. हलकी तेले निळसर, जड तेले पिवळी-तपकिरी चमकतात. विहीर खोदताना दगडाचे चुरे अतिनील दिव्याखाली धरून भूवैज्ञानिक हेच पाहतात.

पाचवी पायरी: धातू

व्हॅनेडियम आणि निकेल आयसीपी-ओईएसवर, म्हणजे तापलेल्या प्लाझ्मात अणूंनी सोडलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर मोजावेत. निकेल आणि व्हॅनेडियम उत्प्रेरकाला मारतात, आणि इंधनात उरलेले व्हॅनेडियम जळून झालेले पेंटॉक्साइड ६९० अंशांना वितळून टर्बाइनची पाती खाते. व्हेनेझुएलाच्या बोस्कान तेलात व्हॅनेडियम हजार पीपीएमच्या वर जाते. मुंबई हायमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही.

नमुना दोन प्रकारे देता येतो. झायलिनमध्ये विरळ करून थेट, किंवा बंद भांड्यात नायट्रिक आम्लाबरोबर मायक्रोवेव्हमध्ये विरघळवून. थेट पद्धतीत प्लाझ्मात थोडा ऑक्सिजन सोडावा लागतो, नाहीतर टॉर्चवर काजळी धरते. विरघळवताना ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त तेल घेऊ नका, दाब झपाट्याने चढतो. उघड्या मुशीत जाळून राख करण्याची जुनी पद्धत धोक्याची, कारण बाष्पशील पॉर्फिरिनांबरोबर धातूही उडून जातो. करायचीच असेल तर गंधकाचे आम्ल घालून. निकेलसाठी २३१.६ आणि व्हॅनेडियमसाठी २९२.४ नॅनोमीटरच्या रेषा वापरा, यिट्रियम अंतर्गत प्रमाण म्हणून टाका.

दोन्हींच्या बेरजेत व्हॅनेडियमचा वाटा किती, हे गुणोत्तर जपून ठेवा. शेवटी त्याचे काम आहे.

सहावी पायरी: एनएमआर

अवरक्तातून तुलना मिळते, टक्केवारी मिळते ती इथे, चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजन आणि कार्बनच्या अणुकेंद्रांचे संकेत मोजणाऱ्या एनएमआरमध्ये. ३० मिलिग्रॅम तेल ०.६ मिलिलिटर ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, काचेच्या लोकरीतून गाळा. लोखंडाचे बारीक कण राहिले तर सगळी शिखरे पसरतात. दोन स्पंदनांत दहा सेकंद थांबा.

प्रोटॉन वर्णपटाचे विभाग ठरलेले आहेत. ६ ते ९ पीपीएम (इथे पीपीएम म्हणजे प्रमाण नव्हे, शिखराच्या जागेचे एकक) अॅरोमॅटिक वलयावरचे हायड्रोजन, २ ते ४ वलयाला चिकटलेल्या कार्बनवरचे, १ ते २ बहुतांश साखळ्यांच्या मिथिलीनवरचे, ०.५ ते १ टोकाच्या मिथाइलवरचे. ४.५ ते ६ हा दुहेरी बंधांचा भाग, आणि विहिरीतून आलेल्या तेलात तो जवळजवळ रिकामा असतो. तिथे काही उगवले तर नमुन्यात रिफायनरीत मोठे रेणू तोडून झालेला (क्रॅकिंगचा) माल किंवा ड्रिलिंगच्या चिखलातले कृत्रिम तेल मिसळल्याचा संशय घ्या.

आता एक हिशोब, जो मी पाहिलेल्या बऱ्याच प्रबंधांत राहून गेलेला असतो. द्रावकात उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मचे शिखर ७.२६ ला, म्हणजे बरोबर अॅरोमॅटिक भागात येते. ०.६ मिलिलिटर म्हणजे ०.९ ग्रॅम, साडेसात मिलिमोल. शुद्धता ९९.८ टक्के असेल तर ०.०१५ मिलिमोल परका हायड्रोजन. ३० मिलिग्रॅम तेलात १३ टक्के हायड्रोजन धरला तर ३.९ मिलिमोल. म्हणजे द्रावकाचा वाटा ०.४ टक्के. ऐकायला किरकोळ. पण तेलाचा अॅरोमॅटिक हायड्रोजनच ४ टक्के असेल तर तुमचा आकडा ४.४ येतो, थेट एक दशांश चूक. उपाय तीन: ९९.९६ टक्क्यांचा द्रावक आणा, तेल जास्त घ्या, किंवा नुसत्या द्रावकाचा वर्णपट घेऊन ते क्षेत्रफळ वजा करा. ड्युटेरियमयुक्त डायक्लोरोमिथेन वापरले तर त्याचे शिखर ५.३ ला जाते, मात्र मग दुहेरी बंधांची तपासणी झाकली जाते.

कार्बन-१३ साठी वेळ काढावा लागतो. जड तेलाला अख्खी रात्र. क्रोमियम अॅसिटिलअॅसिटोनेट थोडे टाका आणि डीकपलिंग फक्त मोजतानाच चालू ठेवा, तरच क्षेत्रफळावरून कार्बन मोजता येतो. १०० ते १५० पीपीएमचे क्षेत्रफळ भागिले एकूण, हा अॅरोमॅटिक कार्बनचा अंश. मेणचट तेलात २९.७ ला एकच शिखर बाकीच्यांवर उंच उभे असते, लांब साखळीच्या पोटातले मिथिलीन, १४.१ ला तिचे टोक. दोन्हींच्या गुणोत्तरावरून साखळीची सरासरी लांबी काढता येते. हा आकडा आणि तिसऱ्या पायरीतला ७२० चा निर्देशांक एका दिशेला जायला हवेत. जात नसतील तर मेण बाटलीच्या भिंतीवर राहिले.

किनाऱ्यावरचा डांबरगोळा

ही सगळी तयारी जिथे कसाला लागते असे एक काम आपल्या दाराशीच आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर डांबरगोळे लागतात. ते कुठून आले याचा माग दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तेलाच्या रासायनिक ठशांवरून घेतलेला आहे. विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून याहून चांगला विषय मला सुचत नाही.

गोळा फोडून आतला मऊ भाग घ्या, बाहेरचा वाळूचा कवच टाकून द्या. डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा, गाळा, द्रावक कपाटात हलक्या नायट्रोजनखाली उडवा. मग तिसऱ्या पायरीपासून सुरू करा. १७०५ आणि १०३० ची शिखरे मूळ तेलापेक्षा वाढलेली दिसतील. ते उन्हाचे आणि हवेचे काम, त्यावरून स्रोत ठरवू नका. हलके अंश गेलेले असतील, म्हणून प्रोटॉन वर्णपटातली टक्केवारीही सरकलेली असेल. फारसे बदलत नाही ते व्हॅनेडियम-निकेलचे गुणोत्तर, कारण हे धातू जड रेणूंत अडकलेले असतात आणि समुद्र त्यांना सहज सोडवू शकत नाही. संशयित तेलाशी तुलना तिथून सुरू करावी.

गोळा कच्च्या तेलाचा की जहाजाच्या इंधनाचा, हेही ठरवावे लागते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांच्या टकरीनंतर एमएससी चित्रामधून सांडले ते जहाजाचे इंधन होते, विहिरीतले तेल नव्हे. अशा इंधनात रिफायनरीतला क्रॅकिंगचा जड माल असू शकतो, अॅरोमॅटिक भाग मोठा असतो, आणि आयसीपीवर अॅल्युमिनियम व सिलिकॉन जोडीने सापडू शकतात. ते उत्प्रेरकाचे झिजलेले कण. पण वाळूतही सिलिकॉन आणि चिकणमातीत अॅल्युमिनियम असते, म्हणून गाळणी ०.४५ मायक्रोमीटरची वापरून एकदा आणि न गाळता एकदा, अशी दोन्ही वाचने घ्या. गाळणीवर राहिलेला अवशेष वाळवून तोही एटीआरवर ठेवा. ३६२० आणि ३६९५ ची टोकदार शिखरे तिथे दिसली तर अॅल्युमिनियमचा तो आकडा किनाऱ्याच्या मातीचा आहे, जहाजाच्या टाकीचा नाही.